राघोच्या पाळण्यातलं नाव

बायजा पाळणा म्हणायची, पण शेवटाला आली की अडायची. रोजच. बाळाला तेल चोळून, ऊन पाण्यानं न्हाऊ घालून, ओवा-वेखंडाची धुरी देऊन ती त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळायची आणि पाळण्याची दोरी हातात घ्यायची. मग तिचा तो खारवलेला, घोगरा आवाज लागायचा:

मिठाच्या रासंवर चांदनं लोलं,
वट्यावर कोन हे जागं नि बोलं?
लोकाचं लेकरू, लोकाचं सोनं,
दुरून पहावं, हात लावावा कोनं?

पाचव्या दिसाला सटवी आयली,
रित्या हातानं माघारी जेली.
नाव इचारी, मी सांगू काय…

इथवर आलं की शब्द संपायचे. पुढं तोंड मिटून नुसतं हूं हूं हूं. तोवर बाळ झोपलेला असायचा.

कल्याणात पारनाक्याजवळच्या त्या घरात मंदाकिनीला हा पाळणा म्हणजे मोठाच आधार वाटत होता. बाळ तिचं तिसरं. पहिली मुलगी चौदाव्या दिवशी गेली, पहाटे, दूध ओढायचं थांबली आणि थंड पडली. दुसरा मुलगा अकराव्या महिन्यात गेला, आषाढातल्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, हिरव्या काठाच्या झबल्यात. हा तिसरा आता दहा महिन्यांचा झाला होता आणि मंदाकिनी दिवस मोजत होती. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची. मुलींच्या शाळेत सहावं पुस्तक झालेली, नवऱ्याकडून इंग्रजी शिकणारी बाई ती. असं बोट धरून काही होत नाही हे तिला कळत होतं. तरी धरायची.

तिचा नवरा त्र्यंबक इंग्रजी शाळेत असिस्टंट मास्तर होता. ठाण्याला त्याच्या एका मित्रानं मासिक काढलं होतं आणि त्यात ‘आपल्या भागातील अज्ञात कवी’ असं सदर त्र्यंबकाच्या गळ्यात घातलं होतं. एका सकाळी दाढी करता करता त्याच्या कानावर पाळणा पडला आणि तो साबण लागलेल्या गालानं आतल्या दारापर्यंत आला.

“बायजा, हे कुणाचं गं?”

बायजा पदर सावरून भिंतीशी सरकली. “राघोचा हाय मास्तर. कोपरचा राघो, मिठागरावरचा. मेला त्याला झाली की पंधरा वरसं. पयली पोरं जेली की मागच्या पोरावर आमच्या बाया ह्योच पालना म्हनतात.”

“आणि शेवटचा चरण? तो गाळतेस का?”

“गालीन कशाला? नायच तो.”

“असं कसं होईल? ‘राघो म्हणे’ असं काहीतरी असणारच. तुम्ही बायका विसरला असाल.” त्र्यंबक खूष होऊन आरशाकडं परतला. मिठागरावरचा निरक्षर कवी आणि हरवलेला चरण! सदराला याहून काय हवं?

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते शेजारच्या तुळसाकाकू विरजण मागायला आल्या त्या दिवशी.

“अगं, हा कसला पाळणा घेऊन बसलीयेस तू?” काकू उंबऱ्यातच थबकल्या. मंदाकिनी स्वतःच दोरी ओढत होती. “कुठल्याही पाळण्यात शेवटी नाव येतं. रामाचं येतं, कृष्णाचं येतं, आपल्या बाब्याचं येतं. यात आहे का? नाही ना? का नाही, विचारलंस कधी?”

“बायजा म्हणते, पहिल्यापासून नाहीच.”

“नसणारच. बारशाआधी गेलेल्या पोराचा पाळणा आहे हा. नाव पडलंच नाही तर घालणार कुठनं? आमच्या सासूबाई हा नुसता कानावर आला तरी खिडकी लावून घ्यायच्या.” वाटी पदराखाली धरून काकू निघाल्या. “मला काय मेलीला, मी आपलं सांगितलं.”

मंदाकिनीच्या हातातली दोरी तशीच राहिली. दहा महिने. दिवसातून तीनदा.

तिनं पाळणा म्हणायचं बंद केलं. बायजालाही बंद करायला लावलं. बायजानं ऐकलं, पण बाळानं ऐकलं नाही. रामाचा पाळणा सुरू केला की कमान करून किंचाळायचा. कृष्णाचा म्हटला की मुठी वळायचा. चार दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, दूध तोंडातून बाहेर यायला लागलं. पाळणा म्हणावा तर काकूंचे शब्द कानात, न म्हणावा तर पोर डोळ्यांदेखत सुकतंय. राघोचं ते पोर जगलं की गेलं, एवढं एकदा कळलं असतं तर ती मोकळी झाली असती. गेलं असेल तर हा पाळणा पुन्हा या घरात नको. जगलं असेल तर आत्ताच्या आत्ता म्हणायचा.

“हे बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही कोपरला जाणारच आहात ना? मग त्याच्या मुलाबाळांचं नीट विचारून या.”

“चरित्र म्हटलं की ते आलंच,” त्र्यंबक म्हणाला.

रविवारी तो डोंबिवलीपर्यंत गाडीनं गेला, पुढं चालत. संध्याकाळी धुळीनं भरलेले जोडे काढता काढताच त्यानं वही उघडली. राघोचा धाकटा भाऊ भिवा भेटला होता. “मिठागरावर काम. गळा गोड. नावापुरतीसुद्धा अक्षरओळख नाही. निःसंतान.”

“निःसंतान म्हणजे? झालीच नाहीत, की होऊन गेली?”

“भिवा म्हणाला, ‘पोरं झाली नि जेली.’”

“किती?”

“किती म्हणजे?”

“अहो, किती झाली, किती गेली?”

त्र्यंबकानं वहीत पाहिलं. “ते काही मी विचारलं नाही. निःसंतान तो निःसंतान. ‘लोकाचं लेकरू’ म्हणतो ना पाळण्यात? स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाकडं बघून केलेलं काव्य. किती हृद्य आहे, बघ.”

मंदाकिनीला त्यात हृद्य काही दिसलं नाही. काकू म्हणतात बारशाआधी गेलेल्याचा, हे म्हणतात दुसऱ्याच्या मुलाचा, बायजा म्हणते जगावं म्हणून म्हणायचा. एकच पाळणा, आणि तीन तोंडं तीन दिशांना.

मग गुणाजी आला. राघोच्या बायकोचा भाऊ, खडवलीचा. बाजाराच्या दिवशी लाकडांची गाडी घेऊन कल्याणला यायचा. बायजानंच त्याला मागच्या दारी आणला. म्हातारा पायरीवर बसला, गूळ-पाणी घेतलं, आणि न विचारताच सुरू झाला.

“माज्या भनीला पाच झाली. चार जेली. पाचवा पोऱ्या. सा वरसांचा व्हता तवा मी त्याला चांदीचा करगोटा केला. तवा आगगारी नव्हती आयली कल्यानला, रूल टाकीत व्हते.”

मंदाकिनी दाराआडून पुढं आली. “सहा वर्षांचा? म्हणजे जगला तो?”

“जगला म्हंजे? ह्यो एवरा…” गुणाजीनं हात वर नेला, आणि बायजाकडं बघून तो हात हळूच मांडीवर ठेवला. “नाय. म्हंजे, जेला आसंल. मना काय ठाव. म्हातारा झालो, कोनाचं पोर कोनाला लावतो मी.”

“करगोटा कुणाला केलात मग?”

“आवडीला इचारा. इठ्ठलवाडीला हाय, राघोची भन.” आणि पाणी अर्धं टाकून तो उठलाच.

रात्री त्र्यंबक म्हणाला, “म्हाताऱ्याला थोडी लागली असेल. साक्षीदार म्हणून बाद.” गुणाजीच्या तोंडाला वास आला नव्हता. मंदाकिनीनं बघितलं होतं ते वेगळंच: ‘जेला’ म्हणताना, अभद्र लागू नये म्हणून, तो बाजूला हळूच थुंकला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं छकडा सांगितला. त्र्यंबकाची ना नव्हती. बायकांच्यातलं बायकाच काढतील, म्हणाला, आणि चरणाचं तेवढं विसरू नको, असंही म्हणाला. बाळाला दुपट्यात घेऊन, बायजाला सोबत घेऊन ती विठ्ठलवाडीला पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

आवडाबाईचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण, एका बाजूला भाताच्या तुसाचा ढीग. म्हातारी ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. अंगणात एक चांगला आडवातिडवा, पोट सुटलेला, चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस गाडीचं चाक काढून बसला होता आणि चाकाला शिव्या देत होता.

“केरू, पावनी आयलीत, थोबाड आवर,” म्हातारी ओरडली. मग तिनं मंदाकिनीच्या हातातल्या दुपट्यात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. “ह्ये काय माकड आनलंस गो, बाय? काय रूप, काय रंग! कोन घेईल ह्याला?”

मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायजानं तिच्या कोपराला हळूच दाबलं. “बरं बोलली ती,” ती पुटपुटली. “गप रावा.”

बसल्यावर, पाणी झाल्यावर मंदाकिनीनं विषय काढला. म्हातारी सुपातले खडे काढत काढत सांगायला लागली. राघो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. मिठागरावर लाकडी फळीनं मीठ ओढता ओढता गाणी जुळवायचा, लोक काम थांबवून ऐकायचे, मुकादम चिडायचा.

“आणि मुलं, आजी?”

“पाच. पयली पोरगी, गोरीपान. भात लावनीच्या दिवसांत, ताप भरला नि तिसऱ्या दिशी जेली. पायात वाला व्हता, त्यो माज्या आयनं काडला. दुसरा पोऱ्या, त्याला देवी आयल्या. शिमग्याच्या आदल्या दिशी. वरडायला बी आवाज रायला नव्हता त्याला. तिसरी, उपजली तवाच नाय रडली. चवथा…” म्हातारीचं सूप थांबलं. “चवथा चालाया लागला व्हता. भरतीच्या वक्ताला बांधावरनं खाली पडला. राघोच्या हातातनं फली सुटली, ती मी बघितली. तो दिस सोमवार.”

मंदाकिनी ऐकत होती. बाळ मांडीवर कुरकुरत होता. त्याला थोपटणारा तिचा हातही थांबला होता, कारण त्या चारही पोरांचं मरण तिला ओळखीचं वाटत होतं. वार, वेळ, पायातला वाळा. असंच असतं ते. विसरता येत नाही.

“आणि पाचवा?”

“जेला त्यो बी.”

“कशानं?”

“आसंच.”

“केव्हा?”

“आता कवा म्हनू? जेला कंदीतरी.” म्हातारी भराभर पाखडायला लागली. तांदूळ अंगणात उडाले.

मंदाकिनी तिच्याकडं बघत राहिली. चार पोरांचा वार-तिथी-वाळा सांगणारी बाई पाचव्याचा महिना विसरते? तिची स्वतःची दोन गेली होती. अजून पन्नास वर्षांनी कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हिरवा काठ सांगितला असता.

“आजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “माझी दोन गेलीत. गेलेल्याबद्दल असं बोलत नाही कुणी. पाचवा गेलेला नाही.”

सूप थांबलं. म्हातारीनं आधी अंगणाकडं पाहिलं, मग आभाळाकडं, मग तोंडासमोर पदर धरला.

“मोट्यानं बोलू नको. तुना कोनी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्हीच.”

तेवढ्यात बाळानं जो टाहो फोडला तो काही केल्या थांबेना. मंदाकिनी उठली, फिरवलं, पाठ थोपटली, काही नाही. चाकापाशी बसलेला केरू वैतागून उठला. हात धोतराला पुसले, “आना हिकडं त्या बेडकाला,” म्हणाला, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत बाळाला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. त्याच्या बंद तोंडातून सूर यायला लागला. हूं हूं हूं. शब्द नाही एकही. बायजाच्या पाळण्याचा तोच शेवट, तसाच उतरत जाणारा. चार फेऱ्यांत बाळाची मान कलंडली. पाळणा बंद झाल्यापासून पहिल्यांदाच तो असा झोपला.

मंदाकिनीनं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारी केरूकडं बघतच नव्हती. अगदी ठरवून बघत नव्हती.

“सूपभर कोंड्याला घेतला मी त्याला,” ती पदराआडून म्हणाली. “पाचव्या दिशी. सटवी यायच्या आत. राघोनं नि भावजयनं उकिरड्यावर ठेवला, म्हनले, ह्ये काय आमचं न्हवं, केर हाय. मी आयले, म्हनले, केर तर केर, मना दे. कोंडा टाकला नि उचलला. म्हनून केरू. तवापासून राघोला पोर नाय. भिवाला इचार, त्यो बी ह्येच सांगल. सगल्यांनी तसंच बोलायचं, ह्ये ठरलेलं हाय.”

“म्हणजे राघो इथं येत होते?”

“दर अमावशेला. पाटीभर मीठ घिवून. मामा म्हनून.” म्हातारीच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. “त्या तिथं बसायचा, वट्याच्या कोपऱ्यावर. पालन्याला हात नाय लावायचा. म्हनायचा, आवडे, तू झोका दे, मी म्हनतो. म्हनत म्हनत नावापाशी आला की तोंड मिटायचा. घेतलं नाव तर बाप समजंल ना ती सटवी! मरंस्तवर पोराला नावानं हाक नाय मारली त्यानं. ‘अरे’ म्हनायचा नुसता.”

“यांना माहीत आहे?” मंदाकिनीनं अंगणाकडं खूण केली.

“ठाव आसंल. नसंल. त्यानं कंदी इचारलं नाय, मी सांगितलं नाय. मामा मेला तवा मात्र डोकं भादरून आयला. मी म्हनलं, मामासाठी कोन भादरतं रे? म्हनला, गरमी व्हते.”

केरू बाळाला घेऊन तुसाच्या ढिगाशी उभा होता, आणि त्याच्या दोन पोरी त्याच्या धोतराला लोंबकळत होत्या.

“आता इतक्या वर्षांनी काय होणार आहे, आजी? पंचेचाळीस वर्षांचा आहे तो.”

“तुजा मास्तर कागदावर छापनार हाय ना? बायजा सांगत व्हती.” म्हातारीनं मंदाकिनीचा हात धरला; हात खडबडीत, तांदळाच्या पिठीनं पांढरा. “नको छापू. त्याला सा लेकरं हायत. मी हाय तवर तरी नको. नजर काय म्हातारी होत नाय, बाय.”

परतीच्या वाटेवर छकडा हेलकावत होता आणि मंदाकिनीच्या डोक्यातही तसंच चाललं होतं. जगलं, हे कळलं. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कशानं जगलं? कोंड्यानं, पाळण्यानं, की देवीची साथ कोपरात आली नि विठ्ठलवाडीत आली नाही म्हणून? तिला ठरवता येईना. शाळेत ती भूगोल शिकली होती, ग्रहण का लागतं ते तिला आकृती काढून दाखवता आलं असतं. सटवीची आकृती कशी काढायची? आणि जगलं म्हणजे तरी काय, बापाला पोर नव्हतंच की शेवटपर्यंत. तिनं झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट नेलं, आणि अर्ध्यातच मागं घेतलं.

त्र्यंबक वही उघडून दारातच उभा होता. “काय म्हणाली बहीण? मुलाचं?”

“तुम्ही लिहिलंयत तेच,” मंदाकिनी म्हणाली. “निःसंतान.”

“आणि चरण?”

“तो मिळाला नाही.”

“मी जुळवू का एखादा? ‘काय’ला ‘माय’ बसतं. ‘राघो म्हणे बाळा, जागी तुझी माय’…”

“नका हो,” ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. “नसलेलं घालू नका. टिंबं द्या तिथं.”

त्या संध्याकाळी तिनं पाळणा म्हटला. नावापाशी आली तेव्हा ओठ आपोआप मिटले.

सकाळी बायजा तेलाची वाटी घेऊन बसली. मंदाकिनी तिच्यासमोर उभी राहिली, गेली, पुन्हा आली.

“बायजा, तुझ्या घरी कोंडा असेल?”

बायजानं वर पाहिलं. “आसंल की सूपभर.”

“दहा महिन्यांनी चालतं का?”

“ते मना नाय ठाव, बाय. पाचव्या दिशी करतात. पर उशीर झाला म्हनून सटवी काय परत धाडनार हाय?”

दुपारी न्हाणीघराच्या मागं, जिथं केर पडायचा तिथं, मंदाकिनीनं बाळाला दुपट्यावर ठेवलं. बायजा आली, कोंडा टाकला, उचललं. दोन पळांत झालं. मंदाकिनीला वाटलं होतं आपल्याला हसू येईल. आलं नाही. त्र्यंबक शाळेतून आला तेव्हा न्हाणीपाशी थांबला. “हे काय पडलंय?”

“कोंडा.”

“दिसतंय. कशाला?”

“लागतो,” ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

दोन महिन्यांनी मासिकाचा अंक आला. राघोवर पाऊण पान होतं. पाळणा होता, शेवटी टिंबांची ओळ होती, खाली बारीक टाइपात ‘येथील चरण उपलब्ध नाही’ आणि त्याखाली ‘या कवीस अपत्य नव्हते’. मंदाकिनी ओटीवर बसून ते वाक्य वाचत होती, तेव्हा तुळसाकाकू वाटी घेऊन आल्या. बाळ जमिनीवर रांगत होता. अंगावर थोडं मांस चढलं होतं.

“वर्ष झालं की गं तुझ्या लेकाला परवा! काय गुटगुटीत झालाय. दृष्ट काढ हो, माझीच लागेल एखादे वेळी.”

मंदाकिनीनं अंक मिटला. 

“माझा कुठला, काकू? बायजाचा आहे तो. मी आपली सांभाळते. आणि गुटगुटीत कसला, माकड आहे नुसतं.”

काकू हसायचं की काय करायचं या विचारात उभ्याच राहिल्या. बाळ तिच्या निऱ्या धरून डुगडुगत उभा राहिला, पहिल्यांदाच, आणि दोन्ही हात वर करून उचल म्हणून तोंड वेडंवाकडं करायला लागला. मंदाकिनीचे हात गुडघ्यांवरच राहिले. काकूंची वाटी अजून रिकामी होती. विरजण आत, फळीवर. ते आणून द्यावं, काकू जाव्यात, दार लागावं, मग उचलावं. तिनं दाराकडं पाहिलं, आणि बाळाला म्हणाली, “अरे, थांब जरा.”